रंगाच्या बादलीतली लिंबोणी

डोंगरकड्यात ग्यानबाकडं काही मागितलं आणि मिळालं नाही, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नकार द्यायला त्याला शब्द सुचत नव्हते असं नाही. जीभ चांगली तिखट होती. औताला जुंपलेल्या बैलांना तो असं काही बोलायचा, की बैलांनीच मान खाली घालावी. पण समोर माणूस आला आणि त्यानं "ग्यानबाभाऊ, जरा..." एवढं म्हटलं, की ग्यानबाची मान आधीच होकाराला हललेली असायची. काय मागितलंय ते त्याला मागून कळायचं.

एकदा तो स्लॅबवर हळद वाळत घालून राहिला होता. खालून शेजारच्या देविदासनं हाक मारली.

"ग्यानबाभाऊ, शिडी नेऊ का जरा?"

"ने की."

देविदासनं शिडी उचलली आणि नेली. ग्यानबा वर. ऊन डोक्यावर आलं. द्वारकाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, जेवायला हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "झाकून ठिव. देविदासचं काम व्हायचंय अजून." देविदासचं काम होता होता चहाची वेळ झाली. उतरल्यावर देविदासनं विचारलं, "भाऊ, वरून सांगायचं न्हाई का?" तर ग्यानबा म्हणतो, "तुला अडचन असंल म्हून मागितली असशील ना?"

निवडणुकीत हा गडी सकाळी एका बाजूच्या प्रचारात आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या. दोन्हीकडं घसा बसेपर्यंत घोषणा. दोघांनीही बोलावलं होतं, मग करायचं काय? दोन्ही बाजूंना ते ठाऊक होतं आणि दोन्ही बाजूंनी त्याला माफ केलं होतं. ग्यानबावर रागावणं म्हणजे लिंबाच्या सावलीवर रागावण्यासारखं होतं.

अशा माणसाचा संसार कधीच उधळून जायचा. तो गेला नाही, कारण घरात 'न्हाई' म्हणायचं काम त्याच्या लेकीनं, प्रतिक्षानं अंगावर घेतलं होतं. फ्रॉक घालायची तेव्हापासून ती दारात उभी राहून ते काम करायची. कोणी फवारणीचा पंप मागायला आला, की म्हणायची, "पप्पा घरी न्हाईत. पंप बी त्यांच्यासंगच गेलाय." आणि पप्पा तिच्या मागं ओसरीत शेंगा सोलत बसलेले. मागणारा त्यांच्याकडं बघायचा. ग्यानबासुद्धा इकडंतिकडं बघायचा, आपण खरंच कुठं गेलोत की काय म्हणून.

पुढं ती कळमनुरीला कॉलेजात जायला लागली. तिला झाडांचा नाद. जमिनीत लावली तर शेळ्या ठेवायच्या नाहीत, म्हणून तेलाच्या डब्यात मोगरा, फुटक्या घागरीत गुलाब, आणि घर रंगवलं तेव्हा रिकाम्या झालेल्या रंगाच्या बादलीत लिंबोणी. लिंबोणी तिनं बियापासून केली. बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली, आईनं सरबत दिलं, त्यातली बी दाताखाली आली, ती तिनं बादलीत खोचली. देविदास कुंपणावरून हसला.

"पोरी, बियाच्या लिंबाला फळ यायला तुझी लेकरं शाळेत जातील."

"मंग माझी लेकरं खातील. तुमाला न्हाई मिळायचं, काका."

झाडांना पाणी घालायची दुसऱ्या कोणाला परवानगी नव्हती. बापालाही नाही. ती आधी बोट मातीत खुपसायची, मग ठरवायची. दुपारच्या उन्हात पानं माना टाकायची तेव्हा द्वारकाबाईंचा जीव तुटायचा. पोरगी म्हणायची, "आई, त्याला ऊन लागलंय, तहान न्हाई लागलेली. सांजच्याला बघ." आणि संध्याकाळी पानं खरंच उभी राहिलेली असायची.

ती पोरगी पौषात गेली.

पोटात दुखतंय म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला नांदेडला न्यावं लागलं. आतडं फुटलं होतं. पुढचं मी नंतर सांगतो. आधी झाडांचं सांगतो, कारण आमच्या गल्लीला जे कळत होतं ते झाडांचंच.

आमच्याकडं कोणाच्या घरचं माणूस गेलं, की लोक भेटायला येतात, आणि येतच राहतात. कोणाला आधी जमलेलं नसतं, कोणी गावाला गेलेला असतो, कोणाची हळद काढायची राहिलेली असते. तरणी पोर गेली म्हटल्यावर हट्ट्यापासून पुसेगावापर्यंतची पाहुणी मंडळी महिनोन्‌महिने येऊन राहिली होती. आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या. तो वरून घटाघटा प्यायचा आणि तळाशी उरलेलं पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं. ही रीत जुनीच. फक्त आता ते झाड प्रतिक्षाचं होतं. बोलायला शब्द नसलेली माणसं उठायची, बादलीपाशी जायची आणि उरलेलं पाणी हळूच तिच्यात सोडायची. "लेकराच्या हातचं हाय," म्हणायची. काही जण तर अर्धाच तांब्या प्यायचे, अर्धा तिच्यासाठी ठेवायचे.

चैत्र लागला. आमच्या भागातलं ऊन काय सांगावं. दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा विचार संध्याकाळवर टाकतात. झाडांनी माना टाकल्या. मग तर विचारूच नका. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बघवेना. शाळेतून येणारी पोरं बाटलीतलं उरलेलं ओतायची. देविदास सकाळ-संध्याकाळ कुंपणावरून नळी सोडायचा. द्वारकाबाईंचं तर मोजमापच नव्हतं. भांडी घासता घासता उठायच्या, भाकरी टाकता टाकता उठायच्या, पिठाचे हात तसेच, आणि एक तांब्या घालून यायच्या.

आधी मोगरा गेला, मग गुलाब. लोक म्हणाले, उन्हानं गेले. राहिली लिंबोणी. तिची पानं पिवळी पडून आतल्या बाजूला वळायला लागली, आणि गल्लीनं पाणी वाढवलं.

ग्यानबाला सगळं कळत होतं. हळद लावणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात सरीत पाणी साचून राहिलं, की वरून पानं तहानल्यासारखी सुकतात आणि खाली गड्डा नासलेला असतो; त्याचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर जात नाही. एका पहाटे त्यानं लिंबोणीजवळ नाक नेलं, आणि तोच वास आला. बोट खुपसलं. आजूबाजूच्या जमिनीला भेगा, आणि बादलीत बोटाच्या मुळापर्यंत चिखल. उन्हानं कोमेजलेलं झाड रात्रीच्या गारव्यानं उठतं. हे पहाटेच मान टाकून होतं. रंगाची बादली, तिच्या बुडाला भोक कुठलं? पोरगी होती तोवर ती बोटानं मोजून घालायची, म्हणून भोक नसून चाललं. आता सगळा गाव मिळून लिंबोणीला बुडवून मारत होता, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

उपाय सोपा होता. लोकांना सांगायचं, "पानी घालू नका." आणि इथंच ग्यानबाचं घोडं अडलं.

न सांगता जेवढं करता येईल तेवढं त्यानं करून पाहिलं. पाहुण्यांना तांब्याऐवजी छोटा पेला द्यायला लागला, म्हणजे तळाशी काही उरायलाच नको. गावात चर्चा झाली, की दुःखानं ग्यानबाचा हात आखडला. लोक तीन-तीन पेले मागायचे आणि तिसरा बादलीत ओतायचे. मग त्यानं बादली उचलून गोठ्यामागं नेऊन ठेवली. हट्ट्याहून त्याची थोरली बहीण चांगुणा आली, तिनं अंगण शोधलं, परसू शोधलं आणि गोठ्यामागं जाऊन उभी राहिली.

"ग्यानबा! लेकराचं झाड शेणात नेऊन टाकलंस व्हय रे? मन हाय का दगड?"

"सावलीला ठिवलं, आक्का."

"सावली म्हनं! बघ कसं सुकलंय." आणि आक्कांनी बादली स्वतः ओढत अंगणात आणली आणि अख्खी घागर तिच्यात उपडी केली. ग्यानबा बघत राहिला. मान हलत होती.

शेवटी एका दुपारी त्यानं सळई चुलीत लाल केली आणि बादलीच्या बुडाशी चटके देऊन भोकं पाडली. साचलेलं पाणी काळं होऊन वाहायला लागलं. त्याला जरा बरं वाटलं असेल. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या.

"आवं, बादली फुटली की! म्हून पोटात पानी राहून न्हाई राहिलं तिच्या." त्यांनी शेणमाती कालवली आणि एकेक भोक लिंपून टाकलं, असं जपून, की जणू लेकराच्या पायाला पट्टी बांधतायत. ग्यानबानं हातातली सळई मागं लपवली.

मी शेजारीच राहतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "ग्यानबा, सरळ सांग ना वहिनींना. लोकांना सांग. झाड मरून राहिलंय."

"कळतं मला."

"मग काहून सांगत नाहीस?"

त्यानं पायानं माती उकरली. मग म्हणाला, "जन्मात येकदाच न्हाई म्हनलो. पान्यालाच म्हनलो."

हे मला ठाऊक होतं. नांदेडला डॉक्टरांनी बजावलं होतं: ऑपरेशनला न्यायचंय, पोटात थेंब जाता कामा नये. पोरीला ताप भरलेला, ओठ फुटलेले. "पप्पा, एक घोट," एवढंच मागत होती. द्वारकाबाईंनी तांब्या हातात घेतला, तेव्हा ग्यानबानं तो काढून घेतला आणि त्यांना बाहेर पाठवलं, कारण त्या थांबल्या असत्या तर पाजलं असतं. आणि मग ज्यानं सबंध गावाला कशाला नकार दिला नाही, त्यानं लेकीला पाणी नाकारलं. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच होतं. पोरगी आत गेली आणि परत आली नाही. त्यानंतर घरात तांब्या वाजला, तरी तो दचकायचा.

द्वारकाबाई त्याला त्यावरून कधी बोलल्या नाहीत. फक्त पाणी घालत राहिल्या.

अक्षय तृतीया जवळ आली. आमची आखिती. त्या दिवशी मातीचा नवा करा आणतात, त्यात वाळा टाकलेलं गार पाणी भरतात आणि घरातल्या गेलेल्यांच्या नावानं ते पाणी देतात. वरच्या लोकी त्यांची तहान भागते म्हणतात. बायकांमध्ये वाद निघाला, की बिनलग्नाच्या पोरीला आखितीचं पाणी चालतं का. चांगुणाआक्कांनी तो एका वाक्यात मिटवला: "तहान काय लगीन बघून लागती व्हय?" मग पाणी कुठं घालायचं? ह्यावर वाद झालाच नाही. लिंबोणीला. गल्लीतल्या सगळ्या बायका एकेक तांब्या आणणार होत्या.

ग्यानबानं हे ओसरीतून ऐकलं.

आखितीच्या आदल्या आठवड्यात आक्का द्वारकाबाईंना दोन दिवस हट्ट्याला घेऊन गेल्या, हवापालट म्हणून. तेवढ्यात ग्यानबानं काम उरकलं. मी कुंपणावरून बघत होतो. मदतीला जाऊ लागलो तर त्यानं हातानंच थांबवलं. बादली आडवी केली, थोपटून थोपटून लिंबोणी मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढली. निम्म्याहून जास्त मुळ्या काळ्या, बोट लावलं की साल निघून हातात येणाऱ्या. त्या त्यानं विळ्यानं छाटल्या. पांढरी मुळी कुठं कुठं तेवढीच. खालच्या मुळ्यांना वरचा पसारा झेपायचा नाही, म्हणून फांद्याही कमी केल्या. कात्री लावताना दर वेळी थांबायचा. बादलीची भोकं मोकळी केली, वर आणखी पाडली. शेतातली माती, ओढ्याची वाळू, जुनं कुजलेलं शेणखत मूठभर. लिंबोणी परत बसवली, एकदाच पाणी दिलं आणि ते भोकांतून वाहून जाईपर्यंत उकिडवा बसून राहिला. तापलेल्या जमिनीची धग लागू नये म्हणून बादली विटांवर चढवली, मातीवर हळदीचा वाळका पाला पसरला आणि पश्चिमेकडून बारदान टांगलं.

झाड ओकंबोकं दिसत होतं. खरं सांगायचं तर आधी निदान झाड दिसत होतं, आता काडी दिसत होती.

द्वारकाबाई परत आल्या, काडी बघितली आणि मटकन खाली बसल्या. "काय केलंत हे? काहून केलंत?"

त्या रडल्या, उठल्या आणि तांब्या आणायला निघाल्या. ग्यानबा बादलीवर असा वाकून उभा राहिला, की पाणी घालायला जागाच सापडू नये. चार दिवस हे चाललं. त्या आल्या की हा वाकलेला. शेतावर जाईना, जेवायला आत येईना. गाव म्हणू लागलं, पोरीच्या दुःखानं ग्यानबा फिरला.

आखितीला सकाळीच बायका जमल्या. देविदासही तांब्या घेऊन आला. द्वारकाबाईंच्या हातात नवा करा, वाळ्याचा वास अंगणभर. ग्यानबा बादलीपुढं उभा.

"सरकता का जरा, ग्यानबाभाऊ?" देविदास म्हणाला.

मागितल्यावर ग्यानबाची मान हलायला लागलीच. ती खाली यायला लागली. सगळ्यांना वाटलं, झालं, सरकतोय. मान अर्ध्यात थांबली.

"न्हाई."

कोणाला आधी कळलंच नाही. त्याच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकलेला नव्हता.

"काय न्हाई?" चांगुणाआक्कांनी विचारलं.

"पानी घालायचं न्हाई. कोनीच न्हाई. आक्का, तुमी न्हाई. देविदास, त्या नळीचं तोंड तुझ्या वांग्यांकडं फिरव." मग बायकोकडं न बघता म्हणाला, "द्वारके, तू बी न्हाई."

द्वारकाबाईंचा आवाज चढला नाही. त्या हळूच म्हणाल्या, "तिला बी न्हाईच म्हनलात."

अंगणात जो तो आपल्या तांब्यात बघू लागला.

"व्हय," ग्यानबा म्हणाला. "म्हनलो. तुला बाहीर धाडल्यावर तिनं पुन्यांदा मागितलं. म्या न्हाई म्हनलो. तशी ती हासली, द्वारके. तापात हासली. म्हनली, 'पप्पा, आज बरं जमलं तुमाला.'"

एवढं त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

"तवाचं बराबर व्हतं का चूक, मला अजून कळंना," तो म्हणाला. "डाक्टर म्हनला म्हून म्या केलं. पन हे मला कळतं. हळदीवानी कळतं. मुळ्या नासल्यात तिच्या. आपन समदे मिळून नासवल्यात. आज घातलं त ही बी जाईल. मंग मारायचं त मारा मला, पन पानी घालू देनार न्हाई."

लोक आपापले तांबे सांडू नयेत म्हणून जपत घरी गेले. देविदासला आपल्या तांब्याचं काय करावं कळेना. त्यानं तिथंच उभ्या उभ्या तो पिऊन टाकला आणि तोंड पुसत निघाला. द्वारकाबाईंनी करा उंबऱ्याच्या आत ठेवला. त्या दिवशी पुरणपोळी झाली, दोघांनी दोन कोपऱ्यांत बसून चिवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेलो, तर द्वारकाबाई कऱ्यापाशी बसल्या होत्या. गळ्यापर्यंत भरलेला करा बराच खाली गेला होता.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. अंगणातल्या त्या एका वाक्यानंतर त्याच्याशी बोललेलं हे पहिलं. "कोनीतरी पेलं."

नवं मातीचं भांडं, त्यात वैशाखाचं ऊन. असं भांडं पाझरतं, पाणी उडून जातं, हे शेतावर रोज मडकं ठेवणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको. ग्यानबानं कऱ्याच्या ओल्या बुडाकडं बघितलं, बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "पेलं."

लिंबोणीनं उरलेली पानंही त्या आठवड्यात टाकली. एकदा द्वारकाबाईंनी नखानं तिची साल जराशी खरवडली. खाली हिरवं होतं. पुढं बुडाशी दोन बारकी पानं फुटली, त्यातलं एक अळीनं खाल्लं. झाड जगेल का, हे ग्यानबा सांगत नाही. विचारलं तर "बघू" म्हणतो.

द्वारकाबाई अजून रोज सकाळी तांब्या भरून बादलीपाशी जातात. बोट मातीत खुपसतात. ओल लागली की बोट पदराला पुसतात, थोडा वेळ तशाच उभ्या राहतात, आणि भरलेला तांब्या घेऊन घरात परत येतात.